गरोदरपणातला धूर आणि नवजात बाळाचे आरोग्य : सांगली-सातारा परिसरातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

हा लेख पहिल्यांदाच आई-वडील होणाऱ्या जोडप्यांसाठी आहे आणि तितकाच त्यांच्या घरातील सासू, आई, आजी आणि जावांसाठीही आहे. गरोदर स्त्रीने काय खावे, किती चालावे, कोणत्या कुशीवर झोपावे याविषयी आपल्याकडे चार माणसे चार गोष्टी सांगतात. ती दिवसभर कोणती हवा श्वासात घेते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. आपल्या भागात दिल्लीसारखी करडी हवा दिसत नाही, म्हणून ती चांगलीच असणार असे आपण धरून चालतो. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरवून दिलेल्या मानकांत बसत नाही, त्यांच्या यादीत सांगलीचे नाव आहे. शहरापासून दूर राहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणारा धूर तर बहुतेक वेळा तिच्या स्वयंपाकघरातून, परसातल्या बंबातून आणि बांधापलीकडे पेटवलेल्या पाचटातून येतो, आणि त्याची मोजणी कोणत्याही यंत्रावर होत नाही.

या धुराचा बराचसा भाग ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी होतो, त्यामुळे तो फारसा खर्च न करता कमी करता येतो. मात्र चूल कोठे मांडायची, बंब कोण पेटवणार, पाचट जाळायचे की नाही, हे निर्णय गरोदर सून किंवा लेक एकटीने घेत नाही. म्हणून पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट घराने मिळून करावयाची आहे असे समजूनच वाचावी.

धूर बाळापर्यंत कसा पोचतो

लाकूड, शेणी, पाचट, डिझेल किंवा उदबत्ती असे काहीही जळले की त्यातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांतील सर्वांत घातक कणांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो असे कण. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी त्याच्या साधारण तीसपट असते. नाकातले केस आणि घशातला ओलावा हे कण अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथे दाह निर्माण करतात आणि त्यांतील सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. बेल्जियममधील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वारेच्या बाळाकडील बाजूसही काजळीचे कण आढळले. वार म्हणजे बाळाची अन्न, पाणी आणि प्राणवायूची एकमेव वाट. तिच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम झाला की बाळाची वाढ मंदावते.

दुसरा घटक कार्बन मोनॉक्साइड. कोळसा किंवा ओले लाकूड नीट जळले नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे आईच्या रक्तातून बाळाला मिळणारा प्राणवायू घटतो. आईच्या रक्तातून हा वायू निघून गेल्यानंतरही बाळाच्या रक्तात तो अधिक काळ टिकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला हा घाटा दुप्पट जाणवतो.

अशा हवेत दीर्घकाळ राहिल्यास बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याचा, सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मण्याचा, तसेच पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात आणि जंतुसंसर्ग त्याला लवकर गाठतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे जगात पावणेपाच लाखांहून अधिक अर्भके जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात दगावली. त्यांतील एक लाखाहून अधिक भारतातील होती. जगातील अशा मृत्यूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यूंचा संबंध घरात जळणाऱ्या इंधनाशी होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धोका वाढतो याचा अर्थ प्रत्येक बाळाला इजा होते असा नाही. चुलीवर स्वयंपाक करत ज्यांनी धडधाकट मुले वाढवली त्या आज्या आपल्या घराघरांत आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्यांची बाळे पहिल्या महिन्यात गेली त्यांची कारणे कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. आजवर धुरात गेलेल्या महिन्यांबद्दल कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. पुढचे महिने हातात आहेत.

सुरुवात : एका दिवसाची धुराची नोंद

दिवस राहिल्याचे कळताच पहिले काम म्हणजे एका पूर्ण दिवसात घरात आणि घराभोवती काय काय जळते, हे कागदावर उतरवणे. पहाटे परसात बंब पेटतो, त्याचा धूर कोणत्या खिडकीतून आत येतो? सकाळच्या भाकरी गॅसवर होतात की चुलीवर? देवापुढची उदबत्ती, संध्याकाळचा धूप, गोठ्यातील मच्छर पळवण्यासाठीची धुरी, रात्रीची मच्छर कॉइल, ओट्यावर बसून कोणी ओढलेली विडी, शेजारच्या परड्यात जाळलेला कचरा, हे सगळे वेळेसह लिहावे. अनेक घरांत ही यादी पाहून घरच्यांनाच आश्चर्य वाटते, कारण चूल दिवसातून दोनदाच पेटते अशी समजूत असते आणि जळण प्रत्यक्षात सहा-सात वेळा होते.

धूर कोठे साचतो हे पाहण्याची सोपी रीत आहे. पांढरे फडके ओले करून पिळावे आणि स्वयंपाकघरातील वरची फळी, कौलाखालचा वासा, झोपायच्या खोलीतील खिडकीची चौकट आणि दाराची वरची कड पुसावी. धूळ फडक्यावर तपकिरी उमटते. काजळी काळी आणि चिकट उमटते, बोटाला लागते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. झोपायच्या खोलीतील चौकटीवर काळा चिकट थर निघाला, तर त्या खोलीत धूर रोज येतो आहे. मग ती खोली बदलावी किंवा धुराची जागा बदलावी. धुराचीच जागा बदलणे बहुधा सोपे पडते.

चूल, बंब आणि गॅस

आपल्या जिल्ह्यांत गॅस बहुतेक घरी पोचला आहे, पण चूल विझलेली नाही. चहा आणि भाजी गॅसवर होते. भाकरी, अंघोळीचे पाणी, जनावरांचे खाणे आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक चुलीवर होतो. सिलिंडर महाग आहे, सरपण शेतात फुकट पडलेले आहे, आणि चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी लागते. ही तिन्ही कारणे खरी आहेत. त्यामुळे चूल कायमची बंद करा, असा सल्ला देऊन काही साधत नाही. गरोदरपणाचे महिने आणि बाळाचे पहिले वर्ष एवढ्या काळापुरते घराने ठरवावे की या बाईने चुलीपुढे बसायचे नाही आणि तिच्या खोलीत धूर यायचा नाही.

गॅस पुरवून वापरण्यासाठी डाळ, कडधान्ये आणि तांदूळ भिजत घालावेत, कुकर वापरावा, भांड्यावर झाकण ठेवावे. अंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब किंवा विजेचा हीटर असेल तर उत्तम. नसेल तर पाण्याची चूल घराच्या भिंतीला लागून असलेली उचलून परसाच्या टोकाला, वारा घरापासून दूर वाहील अशा बाजूला न्यावी. या एका बदलाला एक पैसाही लागत नाही. तो करायला विलंब होतो, कारण चुलीची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच असते.

चूल पेटवणे अटळच असेल, तर पूर्ण वाळलेले आणि बारीक फोडलेले लाकूड वापरावे. ओले लाकूड, शेणी आणि पाचट जास्त धुरकटतात. प्लास्टिकच्या पिशव्या, खताची पोती, टायरचे तुकडे किंवा रॉकेल घालून चूल पेटवणे कटाक्षाने बंद करावे. धूर वर जायला धुराडे किंवा कौलातली उघडी जागा हवी आणि खाली हवा आत यायला समोरचे दार उघडे हवे. यांपैकी एकच असून भागत नाही. एक्झॉस्ट पंखा बसवायचा तर चुलीच्या किंवा शेगडीच्या वर, छताजवळ बसवावा आणि तो चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी. हा नियम गॅसलाही लागू आहे, कारण गॅसच्या ज्योतीतूनही काही प्रमाणात घातक वायू निघतात आणि फोडणीचा धूर तर निघतोच.

ज्यांच्याकडे जोडणीच नाही त्यांनी गॅस वितरकाकडे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेची चौकशी करावी. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत जोडणी घरातील स्त्रीच्या नावे मिळते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा ठेवली गेली. ऊसतोडीसाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांना, तसेच जत-आटपाडीकडून हंगामाला जाणाऱ्यांना हे ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

गॅस आणला म्हणजे सगळे झाले, असे मात्र नव्हे. भारतातील तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथील सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना गॅसची शेगडी आणि इंधन मोफत दिले गेले, त्यांच्या श्वासातील पीएम २.५ चे प्रमाण चूल वापरणाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांशावर आले. तरीही दोन्ही गटांतील बाळांच्या सरासरी जन्मवजनात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. हे लपवून सल्ला देणे मला अयोग्य वाटते. त्या स्त्रियांना गॅस मिळाला तो गरोदरपणाच्या नवव्या ते विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान किंवा त्यानंतर, म्हणजे वार तयार होण्याचा आरंभीचा काळ बहुतेकींच्या बाबतीत धुरातच गेला होता. म्हणून लग्नानंतर मूल हवे असे ठरवताच चुलीचा विचार करावा, दिवस राहिल्याच्या चाचणीची वाट पाहू नये. आणि गॅससोबत घरातील इतर जळणही कमी करावे. आईचे स्वतःचे डोळे, छाती आणि पाठ चुलीपासून सुटतात, हा लाभ तर कोणत्याही आकड्याविना दिसतो.

कॉइल, उदबत्ती, मिशेरी, विडी

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक मच्छर कॉइल पूर्ण जळताना जेवढे पीएम २.५ बाहेर पडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत, उशाशी, रात्रभर कॉइल लावणे म्हणूनच थांबवावे. मच्छरदाणी हा तिच्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे आणि तो बाळासाठी पुढेही उपयोगी पडतो. डेंग्यू-हिवतापाचा धोका खरा असल्याने मच्छर तसेच सोडून द्यावेत असा याचा अर्थ नाही. साठलेले पाणी काढणे आणि खिडक्यांना जाळी लावणे हे करावेच.

देवापुढची उदबत्ती श्रद्धेचा भाग आहे. ती अंगणातील तुळशीपाशी लावावी आणि देव्हाऱ्यात दिवा पुरेसा मानावा, असे घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवता येते. तव्यावर तंबाखू भाजून मिशेरी करण्याचे काम घरात गरोदर स्त्री असेपर्यंत बंद असावे. मिशेरी लावण्यानेही बाळाचे वजन घटते, हे संशोधनात दिसून आलेले आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनी दाराशी न थांबता थेट अंगणाबाहेर जावे, आणि परतल्यावर बाळाला घेण्याआधी हात-तोंड धुऊन सदरा बदलावा.

घराबाहेरची हवा : हंगाम, वेळ आणि वाट

साखर कारखान्यांचे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. हाच काळ थंडीचा असल्याने पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि तिच्यात मिसळलेला धूर वर न जाता गावावर तरंगत राहतो. वाई, जावळी, पाटणसारख्या खोऱ्यांत तो जास्त वेळ टिकतो. कारखान्याजवळच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे तुसासारखे कण पडतात, ते डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांची तक्रार होते. न दिसणारे कण त्यांच्यासोबतच येतात. तेव्हा हंगामात पहाटेचे फिरणे टाळावे, ऊन वर येऊन धुके विरल्यानंतर बाहेर पडावे, कपडे आणि बाळाची दुपटी शक्यतो आत किंवा दुपारच्या वाऱ्यात वाळवावीत.

पाचट पेटवण्याचा प्रश्न थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण तो आपल्या हातात आहे. ऊस तुटून गेल्यावर शेतात राहिलेले पाचट पेटवले की काही मिनिटांत संपूर्ण वस्तीवर धूर पसरतो आणि तो गरोदर बाईच्या घराचा पत्ता विचारत नाही. युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू वापरून ते सरीतच कुजवता येते. जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, खोडव्याला ओल टिकते. कृषी खात्याचे अधिकारी आणि कारखान्यांचे शेती विभाग याची माहिती देतात. तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा ऊस पेटवण्याची पद्धतही आहे. जळीत उसाच्या दरात कपात होते, हे शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. शेजारच्या बांधावर पाचट पेटणारच असेल, तर किमान आदल्या दिवशी सांगण्याची रीत गावात पडावी, म्हणजे गरोदर स्त्रीला आणि लहान बाळाला त्या दोन-तीन तासांसाठी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेच्या घरी नेता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये साताऱ्याच्या डोंगरांना लागणाऱ्या वणव्यांच्या वेळीही हेच करावे.

पुणे-बंगळूर महामार्गालगत, म्हणजे शिरवळ, सातारा, कराड, कासेगाव या पट्ट्यात राहणाऱ्यांनी झोपण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूस ठेवावी आणि चालण्यासाठी सेवा रस्ता सोडून आतली गल्ली किंवा शेताची वाट निवडावी. रस्त्यापासून थोडे दूर गेले तरी हवेत फरक पडतो. खंबाटकी बोगद्यातून किंवा घाटातून गाडीने जाताना काचा बंद ठेवाव्यात. एसटी स्थानकावर चालू इंजिनाच्या मागे उभे राहू नये.

हवेचा निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर पाहता येतो. ५० पर्यंत चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम आणि २०० च्या पुढे वाईट असे त्याचे टप्पे आहेत; गरोदर स्त्रीने १०० ओलांडताच बाहेरचे श्रम कमी करावेत, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे, तर आपल्याकडील २००९ पासूनचे मानक ४० आहे. तेव्हा ॲपवरचा हिरवा रंग पाहून निश्चिंत होऊ नये. शिवाय ते आकडे केंद्र असलेल्या जागेचे असतात, आपल्या चुलीजवळचे नसतात.

तोंडाला बांधलेला स्कार्फ किंवा पदर धूळ अडवतो, बारीक कण अडवत नाही. धुराच्या जागेतून जावेच लागले तर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा; शेवटच्या महिन्यांत त्याने दम लागत असेल तर तो काढून ती जागाच सोडावी.

कामाची जागा

गुऱ्हाळावर चुलवणात चिपाडे जळत असतात आणि काहिलीभोवतीची जागा दिवसभर धुरात असते. गरोदर स्त्रीने तेथील काम पहिल्या महिन्यापासून सोडलेले बरे. तासगाव भागात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तिच्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड श्वासनलिका आवळतो, म्हणून धुरी दिलेल्या खोलीत किंवा शेडमध्ये तिने जाऊ नये, आणि निवडणीचे काम करायचेच तर ते मोकळ्या, वाहत्या हवेत असावे. हळद शिजवण्याची भट्टी, हळद पॉलिशची धूळ, वीटभट्टी आणि खडी क्रशर यांनाही हेच लागू. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्या वाढतात, तेव्हा फवारणी चालू असलेल्या बागेत आणि त्यानंतर लगेच कामाला जाऊ नये.

ऊसतोड मजूर स्त्रियांना हे सल्ले पाळणे सर्वांत कठीण आहे. उचल घेतलेली असते, काम जोडीने धरलेले असते, आणि कोपीच्या दाराशी तीन दगडांच्या चुलीवर पहाटे तीन-चारला भाकरी थापाव्या लागतात. त्यांना सल्ला देण्यापेक्षा त्यांच्या आसपासच्यांनी काही करणे अधिक न्याय्य ठरेल. ज्यांच्या शेतात किंवा कारखान्याच्या तळावर त्या उतरतात, त्यांनी गरोदर स्त्रीला पाच किलोचा लहान सिलिंडर आणि शेगडी हंगामापुरती द्यावी, आणि आशाताईंना तिच्या येण्याची खबर द्यावी. मातृत्वाच्या तपासण्या मूळ गावाबाहेरच्या सरकारी आरोग्य केंद्रातही होतात.

तपासणीच्या वेळी काय सांगावे

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी होते. तेथे किंवा खासगी डॉक्टरांकडे जाताना घरात चूल आहे का, कामाच्या जागी धूर आहे का, हे आपणहून सांगावे. विचारले जाईलच असे नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्याव्यात. दमा असेल तर पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये. दम्याचा झटका बाळाला औषधापेक्षा अधिक घातक असतो. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट न पाहता दवाखान्यात जावे.

माहेरची खोली, शेक आणि धुरी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली प्रथा आहे, त्यामुळे सासरच्या घरात केलेले सर्व बदल सातव्या-आठव्या महिन्यात मागे राहतात. ओटीभरणाच्या आधीच माहेरच्या माणसांनी वर सांगितलेली नोंद आपल्या घराची करावी आणि बाळंतिणीची खोली निवडावी. ती स्वयंपाकघराला लागून नसावी, तिला समोरासमोर दोन वाटा हव्यात, म्हणजे दार आणि खिडकी, आणि बंबाचा धूर तिच्याकडे येता कामा नये.

या खोलीत सर्वांत मोठा धोका असतो तो प्रेमाने केलेल्या गोष्टींचाच. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देतात, वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या बंद करून फटींत कापड कोंबतात, आणि अंघोळीनंतर बाळाला ओवा, वावडिंग, लसणाची साले आणि ऊद घालून धुरी देतात. बाळाला ऊब मिळावी, सर्दी होऊ नये, हा आजीचा हेतू अगदी योग्य आहे. साधन मात्र बदलले पाहिजे. बंद खोलीतला लाल निखारा धूर करत नाही म्हणून निर्धोक वाटतो, पण त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, गळून जाणे ही त्याची लक्षणे बाळंतिणीच्या नेहमीच्या थकव्यासारखीच दिसतात, आणि गरोदर बाईत डोहाळ्यांसारखी. शेगडी असलेल्या खोलीत कोणालाही असे वाटले तर सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखाना गाठावा; गरोदर स्त्रीला बरे वाटू लागले तरी तिला न्यावेच, कारण बाळाच्या रक्तातून तो वायू उशिरा जातो.

शेकासाठी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरावी, किंवा कापडाची घडी दुसऱ्या खोलीत तव्यावर गरम करून आणावी. बाळाची खोली २५ ते २८ अंशांवर असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. टोपी, मोजे, दुपट्याचे दोन थर आणि आईची कूस एवढ्याने आपल्याकडच्या थंडीत ते साधते. बाळ कमी वजनाचे असेल तर ते आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे, दिवसाचा जास्तीत जास्त वेळ बांधून ठेवावे. ही कांगारू मातृसेवा परिचारिका आणि आशाताई शिकवतात, आणि वडील किंवा आजीही ती देऊ शकतात. ओवा, बाळंतशेपा आईला खायला द्यावा. निखाऱ्यावर टाकू नये. धुरी टाकायची नाही असे ठरले तर ते आजीला बाळ जन्मण्याआधी, शांतपणे, डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या तोंडून सांगितलेले बरे. नाहीतर बाराव्या दिवशी घरात वाद होतो आणि धुरी शेवटी दिलीच जाते.

बाळ घरी आल्यावर

पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे आणि सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. आई धुरात राहत असली तरी दूध थांबवू नये, कारण श्वसनाच्या संसर्गापासून तेच बाळाला सर्वाधिक जपते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाची झोपण्याची जागा आणि चूल दोन्ही दाखवावी.

बाळाचा श्वास मोजायला घरातील प्रत्येकाने शिकावे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचे दुपटे बाजूला करावे, पोटाची वर-खाली हालचाल पाहावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मिनिटाला ३० ते ५९ हे स्वाभाविक. ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा एकदा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तितकेच आले तर दवाखान्यात न्यावे. छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ किंवा जीभ निळसर होणे, दूध न ओढणे, अंग गार पडणे किंवा तापणे, झटके येणे, बाळ मलूल होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी मोजत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत असते; सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तेथे बाळाला आईच्या छातीशी धरूनच न्यावे, वाटेत दूध ओढत असेल तर पाजत राहावे, आणि डॉक्टरांना घरात त्या दिवशी काय जळत होते, हेही सांगावे.